हरवलेला पत्ता आणि समोरचं घर : शिकागो, सप्टेंबर १८९३

दर वर्षी १२ जानेवारीला, विवेकानंद जयंतीला, आपल्याकडे शाळाशाळांत वक्तृत्व स्पर्धा होतात आणि दर दुसरा स्पर्धक 'अमेरिकेतील माझ्या भगिनींनो आणि बंधूंनो' अशी सुरुवात करतो. सातवीत असताना मीही केली होती. उत्तेजनार्थ बक्षीस मिळालं. पण ते भाषण करणारा माणूस त्याच्या एक-दोन दिवस आधी कुठे झोपला होता, हे तेव्हा कुणी सांगितलं नाही. तो झोपला होता शिकागोच्या रेल्वे यार्डात, एका रिकाम्या मालडब्यात. तिथे भरणाऱ्या धर्मपरिषदेच्या कचेरीचा पत्ता लिहिलेला कागद त्याच्याकडून हरवला होता.

हे प्रकरण मी निवडलं ते त्या कागदासाठी. विवेकानंदांच्या शिकागो-प्रवासाबद्दल श्रद्धाळू माणूस 'ईश्वरी योजना' म्हणतो आणि विषय संपवतो. दुसरा 'योगायोग' म्हणतो, त्याचाही विषय तिथेच संपतो. मला रस आहे तो या दोघांनी ओलांडून टाकलेल्या भागात. कागद हरवल्यावर कोण काय वागलं, कुणाचं दार का बंद झालं, एकच का उघडलं, आणि कागद खिशातच राहिला असता तर काय झालं असतं?

त्याआधीचे दोन घोळ

पत्ता हरवणं हा त्या दौऱ्यातला पहिला घोळ नव्हता. पहिला घोळ तारखेचा. विवेकानंद ३१ मे १८९३ रोजी मुंबईहून 'पेनिन्सुलर' बोटीनं निघाले. कोलंबो, सिंगापूर, हाँगकाँग, जपान असं करत योकोहामाला 'एम्प्रेस ऑफ इंडिया'वर चढले, २५ जुलैला व्हँकुव्हरला उतरले आणि तिथून रेल्वेनं जुलैअखेर शिकागोत पोचले. तिथे भरलेल्या जागतिक प्रदर्शनाच्या माहिती-कक्षात गेल्यावर कळलं की धर्मपरिषद सुरू होणार ११ सप्टेंबरला. म्हणजे तब्बल सहा आठवडे हातात. शिवाय एखाद्या मान्यताप्राप्त संस्थेचं शिफारसपत्र असल्याखेरीज कुणालाही प्रतिनिधी म्हणून घेत नाहीत, आणि नावं नोंदवायची मुदतही उलटून गेली आहे. परिषद नेमकी कधी, तिथे प्रवेश कसा मिळतो, याची चौकशी ना त्यांनी केली होती ना मद्रासच्या शिष्यांनी. वर्गणी काढली, तिकीट काढलं, आशीर्वाद दिले. लग्नाला निघालेल्या वऱ्हाडानं पत्रिका घरी विसरावी, तसला हा प्रकार.

पैशाचं गणित तर भीतीदायक होतं. निघताना जवळ १७० पौंडांच्या नोटा आणि ९ पौंड रोख होते. २० ऑगस्टच्या पत्रात ते मद्रासचे शिष्य अळसिंगा पेरुमल यांना लिहितात की आता सगळे मिळून १३० उरलेत, दिवसाला सरासरी एक पौंड जातो आणि साध्या एका चिरुटाला आपले आठ आणे पडतात. शिकागो परवडेना, म्हणून ते बॉस्टनकडे सरकले.

याच दौऱ्यात पहिली भेट झाली. रेल्वेत केट सॅनबॉर्न नावाच्या प्रौढ लेखिकेनं त्यांना पाहिलं. भगवा पायघोळ झगा आणि फेटा नजरेतून सुटणारा नव्हताच. बोलणं झालं आणि मॅसॅच्युसेट्समधल्या आपल्या शेतावरच्या घरी येऊन राहण्याचं आमंत्रण तिनं दिलं. या पाहुणचाराबद्दल विवेकानंदांनी त्याच पत्रात जे लिहिलंय ते मला फार आवडतं. भाबडी कृतज्ञता त्यात मुळीच नाही. मथितार्थ असा : माझा रोजचा पौंड वाचतो आणि तिला मैत्रिणींना घरी बोलावून हिंदुस्थानातून आलेली एक अजब चीज दाखवता येते, हे सगळं सोसायलाच हवं. दोन्ही बाजूंचा हिशेब त्यांनी एका वाक्यात मांडून टाकला.

दुसरा घोळ चुकामुकीचा, आणि तो क्वचितच सांगितला जातो. केट सॅनबॉर्नकडच्या या साधूबद्दल हार्वर्डमधले ग्रीकचे प्राध्यापक जॉन हेन्री राइट यांच्या कानावर आलं. ते त्यांना भेटायला बॉस्टनला गेले. भेट झालीच नाही. मग राइटनी त्यांना आपण सुट्टीला राहत होतो त्या ॲनिस्क्वाम या समुद्रकाठच्या गावी बोलावलं. हे आपल्याला कळतं राइटबाईंनी तेव्हाच आपल्या आईला लिहिलेल्या पत्रातून. जॉन बॉस्टनला गेला, गाठ पडली नाही, म्हणून त्यानं इकडेच बोलावलं, पाहुणा शुक्रवारी आला तो सोमवारपर्यंत राहिला, दिवसभर गप्पा, रात्रभर गप्पा आणि सकाळी उठून पुन्हा नव्या दमानं गप्पा. भगवा झगा बघून सगळं गाव अवाक झालं. रविवारी चर्चमध्ये त्यांचं भाषण झालं आणि हिंदुस्थानातल्या एका निखालस 'काफिरी' विद्यालयासाठी तिथल्या भाविक ख्रिस्ती मंडळींनी वर्गणी गोळा केली. राइटबाई कोपऱ्यात जाऊन डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या.

आता बॉस्टनला ठरल्याप्रमाणे भेट झाली असती तर? एका प्राध्यापकानं एका परदेशी पाहुण्याला तासभर वेळ दिला असता. हस्तांदोलन, चार प्रश्न, शुभेच्छा. चुकामूक झाली म्हणून तासाचे तीन दिवस झाले. त्या तीन दिवसांनंतर राइटनी परिषदेच्या संबंधित अधिकाऱ्याला लिहिलं की आमच्या सगळ्या विद्वान प्राध्यापकांची विद्वत्ता एकत्र केली तरी हा माणूस वरचढ ठरेल. शिफारसपत्राचा प्रश्न असा सुटला. शिकागोचं तिकीटही राइटनीच काढून दिलं, शिवाय पौर्वात्य प्रतिनिधींची राहण्याजेवण्याची सोय बघणाऱ्या समितीच्या नावानं पत्र दिलं.

मधल्या सेलम आणि सॅराटोगाच्या व्याख्यानांवर मी थांबत नाही. आता त्यांच्याकडे तारीख होती, तिकीट होतं, शिफारस होती आणि परिषदेच्या मुख्य समितीचे अध्यक्ष जॉन हेन्री बॅरोज यांच्या कचेरीचा पत्ताही होता. सगळं जागच्या जागी.

ती रात्र

गाडीत एका व्यापाऱ्याशी ओळख झाली. शिकागोत उतरल्यावर कुठे कसं जायचं ते मी दाखवतो, असं त्यानं सांगितलं. स्टेशन आलं, व्यापारी घाईत होता, निघून गेला. विवेकानंदांनी पत्ता शोधला, तर कागद नाही. संध्याकाळ झालेली. येणाऱ्याजाणाऱ्याला विचारलं, पण शहराच्या त्या ईशान्य भागात बहुतेक वस्ती जर्मन बोलणाऱ्यांची. त्यांना यांचं कळेना, यांना त्यांचं. रात्र पडली तशी यार्डात एक जागा पाहिली आणि पाठ टेकली. सांगणारे कुठे मालगाडीचा डबा म्हणतात, कुठे मोठा रिकामा खोका म्हणतात.

इथे एक सावधगिरी हवी. ॲनिस्क्वामची हकीकत त्याच आठवड्यातल्या, तिऱ्हाईताच्या पत्रातून येते. यार्डातली रात्र मात्र आपल्यापर्यंत येते ती शिष्यांनी पुढे लिहिलेल्या चरित्रातून, म्हणजे मुळात त्यांनी स्वतःच केव्हातरी सांगितलेल्या आठवणीतून. तपशिलाला थोडी कल्हई झाली असेल. पण गोष्टीचा सांगाडा पक्का आहे, कारण तिच्या दुसऱ्या टोकाला खरं घर आहे, खरी माणसं आहेत आणि पुढच्या अनेक वर्षांचा पत्रव्यवहार आहे.

सकाळी उठून ते मिशिगन तळ्याच्या दिशेनं चालत निघाले आणि शहरातल्या सगळ्यात श्रीमंत वस्तीत शिरले. भूक लागलेली. मग त्यांनी तेच केलं जे आधीची पाच वर्षं हिंदुस्थानभर फिरताना केलं होतं : दारोदार जाऊन उभे राहिले. आपण ज्याला माधुकरी म्हणू ते, शिकागोच्या बंगल्यांपुढे. थोडं अन्न आणि परिषदेच्या कचेरीचा रस्ता, इतकंच मागणं. प्रवासानं कपडे मळलेले, अंगावर धूळ. नोकरांनी हाकललं, अपमान केले, काहींनी तोंडावर दार आपटलं. शहरात पत्त्यांची छापील सूची मिळते किंवा टेलिफोन करता येतो, हे त्यांना ठाऊकच नव्हतं. शेवटी थकून रस्त्याच्या कडेला बसले.

समोरच्या घराचं दार उघडलं. एक बाई बाहेर आल्या, त्यांच्याजवळ गेल्या आणि म्हणाल्या, "महाशय, आपण धर्मपरिषदेचे प्रतिनिधी आहात का?"

त्या होत्या जॉर्ज हेल यांच्या पत्नी. घर ५४१, डिअरबॉर्न ॲव्हेन्यू. त्यांनी त्यांना आत नेलं, नोकरांना खोली द्यायला सांगितलं, न्याहारी दिली आणि स्वतः बरोबर जाऊन परिषदेच्या कचेरीत पोचवलं.

दार का बंद झालं

या बंद दारांबद्दल आपण बरेचदा रागानं बोलतो. वर्णद्वेष त्यात होताच. विचित्र पोशाखामुळे रस्त्यात हुर्यो होते, हे खुद्द विवेकानंदांनीच ऑगस्टच्या पत्रात लिहिलंय. पण त्या वर्षाकडेही पाहायला हवं. १८९३च्या मे महिन्यापासून अमेरिकेत मोठी आर्थिक पडझड सुरू झाली होती. बँका बुडत होत्या, कारखाने बंद पडत होते, बेकार माणसं शहरांत भटकत होती. यार्डात रात्र काढून सकाळी दारावर येणारा मळका माणूस श्रीमंत घरच्या नोकरांना नवा नव्हता. त्यांच्या लेखी तो त्या आठवड्यातला आणखी एक.

आणि परदेशी वेशाचं म्हणाल, तर त्या उन्हाळ्यात शिकागोत तोही दुर्मिळ नव्हता. कोलंबसाच्या सफरीला चारशे वर्षं झाल्याबद्दल भरलेल्या जागतिक प्रदर्शनात 'मिडवे प्लेझन्स' नावाच्या पट्ट्यात कैरोची गल्ली होती, जावाची वस्ती होती, अल्जेरियाचं गाव होतं. तिथे माणसंच देखावा म्हणून मांडली होती. मग भगव्या झग्यातला माणूस रस्त्यावर दिसला की बघणाऱ्याच्या मनात दोनच खाने : भिकारी नाहीतर तमाशातला.

हेलबाईंकडे तिसरा खाना होता. त्यांना धर्मपरिषद भरणार असल्याचं माहीत होतं आणि पूर्वेकडचे प्रतिनिधी येणार हेही. त्यांचा प्रश्न नीट ऐका. 'तुम्ही कोण?' असा तो नाही, 'काय हवंय?' असाही नाही. उत्तर आधीच पोटात घेऊन आलेला प्रश्न आहे तो. समोरच्या माणसानं फक्त 'हो' म्हणायचं. दारोदार ज्याला आपण कोण हे सांगताच येत नव्हतं, त्याचं सांगण्याचं काम बाईंनीच करून टाकलं.

ज्या झग्यामुळे सकाळभर दारं बंद झाली, त्याच झग्यामुळे हे एक उघडलं. केट सॅनबॉर्नचं लक्षही त्यानंच वेधलं होतं. मद्रासच्या शिष्यांनी त्यांना सूटबूट शिवून दिला असता तर हुर्यो टळली असती, पण रस्त्याकडेला बसलेला एक दमलेला परदेशी माणूस बघून कुणी घराबाहेर आलं असतं का, याची मला शंका आहे.

चिठ्ठीची साखळी

विवेकानंदांचा हिंदुस्थानातला प्रवास वरवर भटकंतीसारखा दिसतो, पण त्याला एक यंत्रणा होती. एका यजमानानं पुढच्याला चिठ्ठी द्यायची. १८९२च्या ऑक्टोबरात ते कोल्हापूरहून बेळगावला आले ते कोल्हापूर दरबारातल्या गोळवलकरांची चिठ्ठी घेऊन, भाटे वकिलांच्या घरी. पानसुपारी आणि तंबाखू मागणारा संन्यासी बघून भाटे मंडळी बुचकळ्यात पडली, पण चिठ्ठी होती, त्यामुळे दाराशी प्रश्न आला नाही.

लोकमान्य टिळकांशी ओळख झाली ती याच पद्धतीनं. मुंबईच्या व्हिक्टोरिया टर्मिनसवर टिळक पुण्याच्या गाडीत बसले होते. एक संन्यासी डब्यात आला. त्याला पोचवायला आलेल्या गुजराती गृहस्थांनी ओळख करून दिली आणि पुण्यात यांना तुमच्याकडेच उतरवा म्हणून सांगितलं. आठ-दहा दिवस तो संन्यासी विंचूरकर वाड्यात राहिला. नाव विचारलं तर 'संन्यासी' एवढंच सांगायचा. जवळ मृगाजिन, एकदोन वस्त्रं आणि कमंडलू. पैसा अजिबात नाही, पुढच्या गावाचं तिकीट कुणीतरी काढून द्यायचं. पुढे तो शिकागोहून कीर्ती मिळवून परतला, तेव्हा टिळकांनी वर्तमानपत्रातला चेहरा ओळखला आणि पत्र पाठवून विचारलं की आमच्याकडे राहिलेले ते तुम्हीच का? हो म्हणून उत्तर आलं.

शिकागोत या साखळीची एक कडी गळाली, एवढंच झालं. राइटनी दिलेली ओळख होती, पण ती पोचवायची कुठे हे सांगणारा कागद नव्हता. चिठ्ठीच्या जोरावर हिंडणाऱ्या माणसाचं तिथे अडून पडणं साहजिक होतं. ते अडले नाहीत, कारण चिठ्ठीच्याही आधीची, निव्वळ भिक्षेची सवय अंगात होती. अनोळखी दारापुढे उभं राहायची लाज गेलेली असणं ही मोठी तयारी आहे. तुम्हाआम्हाला पत्ता विचारायलाही जीभ रेटत नाही, आपण मोबाईल काढून नकाशा लोड होईपर्यंत चौकात गोल फिरत राहतो. तरीही हे कबूल करायला हवं की त्या सकाळी ही सवय दार उघडायला कामी आली नाही. दारांपुढे उभं राहून काहीच मिळालं नाही. मिळालं ते उभं राहणं थांबवून बसल्यावर, कारण तोवर चालून चालून ते हेल यांच्या खिडकीसमोर आले होते.

कागद खिशात असता तर

तर ते सरळ कचेरीत गेले असते. नाव नोंदवलं गेलं असतं, राहायला जागा मिळाली असती आणि ११ सप्टेंबरला भाषणही झालं असतं. म्हणजे वक्तृत्व स्पर्धांचं काहीच बिघडलं नसतं. कागद हरवला म्हणून विवेकानंद जगाला कळले, असं जे कधीकधी रंगवून सांगतात ते खरं नाही. परिषदेपर्यंतची वाट राइटच्या पत्रानं मोकळी केली होती, हेलबाईंनी फक्त शेवटचे काही मैल सोपे केले.

बदललं ते नातं. कागद असता तर हेल कुटुंबानं त्यांना पाहिलं असतं ते फार तर व्यासपीठावर, हजारो श्रोत्यांतून. टाळ्या वाजवल्या असत्या, कदाचित एखाद्या दिवशी चहाला बोलावलं असतं. आता मात्र त्यांनी ज्याला बघितलं तो उपाशी, मळलेला, रस्त्यावर बसलेला माणूस होता, आणि तोच दोनेक दिवसांनी शहरभर गाजला. प्रसिद्ध माणसाशी ओळख आणि प्रसिद्ध होण्याआधी ज्याला जेवू घातलं त्याच्याशी ओळख, या दोहोंत काय फरक असतो हे आपल्याकडच्या कुठल्याही खानावळवाल्या काकूंना विचारावं. राइटच्या चुकामुकीतही हेच झालं होतं : ठरलेली भेट चुकली आणि माणूस घरी राहायला आला.

अर्थात या म्हणण्याला छेद देणारी एक गोष्ट याच प्रकरणात आहे. परिषदेच्या समितीनं विवेकानंदांची सोय केली ती हेल यांच्याकडे नव्हे, तर मिशिगन ॲव्हेन्यूवर जॉन लायन यांच्या घरी. तिथे ना घोळ होता, ना सुटका. रीतसर वाटून दिलेला पाहुणा. लायनबाईंना काळजी होती की घरी उतरलेल्या, अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या गोऱ्या पाहुण्यांना हा सावळा माणूस चालणार नाही. लायनसाहेबांनी विवेकानंदांशी थोडं बोलून पाहिलं आणि बायकोला सांगितलं की सगळे पाहुणे निघून गेले तरी चालतील, इतका विलक्षण माणूस आपल्या घरी कधी आला नव्हता. हे त्यांच्या नातीनं, तेव्हा सहा वर्षांची असलेल्या कॉर्नेलिया काँगरनं, मोठेपणी लिहून ठेवलंय. म्हणजे जिव्हाळा जुळायला अपघात लागतोच असं नाही. लायन घराचा तो जिव्हाळाही अस्सल होता.

पण परिषद संपली, लायनकडचा मुक्काम संपला, आणि व्याख्यानांसाठी अमेरिकाभर फिरायची वेळ आली तेव्हा परतायचं घर ठरलं ते हेल यांचं. हेलसाहेबांना ते 'फादर पोप' म्हणत, बाईंना 'मदर चर्च'. मुली मेरी आणि हॅरिएट, आणि मॅककिंडली आडनावाच्या दोन भाच्या, या चौघी त्यांच्या बहिणी झाल्या. मेरी हेलला लिहिलेल्या पत्रांत ते चिडतात, चेष्टा करतात, भांडतात, कविता लिहून पाठवतात. व्यासपीठावरचे विवेकानंद तिथे सापडत नाहीत, घरातला थोरला भाऊ सापडतो.

१८९४ची त्यांची पत्रं काढून बघितली तर कितीतरी पत्रांच्या माथ्यावर एकच ओळ आहे : ५४१, डिअरबॉर्न ॲव्हेन्यू, शिकागो. बॉस्टन, न्यूयॉर्क, डेट्रॉइट असे ते फिरत असत, आणि मद्रासच्या मंडळींना कळवत की पत्रं जॉर्ज हेल यांच्या पत्त्यावर टाका, ते मी असेन तिथे पुढे पाठवतील.